इंजिन उतरवावं की नुसतं हेड उघडावं?

पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अब्बांची १९७५ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मध्यंतरी तिच्या इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला. तरुण मेकॅनिकने दोन मिनिटं ऐकून निकाल दिला, "सर, इंजिन खाली उतरवावं लागेल. उतरवतोच आहोत तर दुसरंच बसवू." अब्बांच्या ओळखीचे एक म्हातारे उस्ताद मात्र म्हणाले, "आधी मोजा, मग उतरवा." हा फरक दोन माणसांपेक्षा दोन काळांचा आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डिलाइट बनू लागली, तिलाच १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. तो परवान्यांचा काळ. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि सुटे भाग सहज मिळत नसत. टॅक्सी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली की चालकाच्या घरी चार दिवसांची कमाई बुडे. म्हणून मिस्त्रीचा पहिला प्रश्न असे, इंजिन न उतरवता काम होईल का?

गाडीची रचनाही त्याला साथ देणारी होती. या १०८९ सीसी इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो. तो पुशरॉड वर ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. रॉकर आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. त्यामुळे टॅपेटची फट फिलर गेजने जागेवरच बसवता येते, रॉकर बदलता येतो, हेड काढून व्हॉल्व्ह ग्राइंडिंगही करता येतं. ब्लॉक गाडीतच राहतो. आज चाकणला बनणाऱ्या बहुतेक गाड्यांत कॅम हेडवरच असतो. त्यांच्यावर हात बसलेल्या मुलाला जुन्या इंजिनातला वरचा आणि खालचा हा भेद सहज सुचत नाही. त्यात त्याचा काय दोष?

आपल्या समाजातली कितीतरी मुलं शाळा अर्धवट सोडून अशा गॅरेजांत शागीर्द झाली. 'उस्ताद' हा शब्द फारसीतून आला, 'मिस्त्री' पोर्तुगीजमधून, 'टॅपेट' इंग्रजीतून. गॅरेजमध्ये तिन्ही एकाच वाक्यात येतात. शिक्षक म्हणून मला खंत वाटते ती ही, की या माणसांचं ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही.

उस्तादांनी प्लग काढले, इंजिन हाताने फिरवलं आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते डायल गेजने मोजलं. तीन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सारखे उघडत होते. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र जवळपास दीड मिलिमीटर कमी. पुशरॉड काढून काचेवर फिरवून पाहिला, सरळ होता. रॉकरही ठीक. म्हणजे झीज खाली, कॅमवर. कॅम काढायचा तर रेडिएटर, टायमिंग चेन, ऑइल चेंबर सगळंच सुटणार. शेवटी इंजिन उतरवायचंच ठरलं.

मग तरुण मेकॅनिकचंच खरं ठरलं ना? अर्धं. दुसरं इंजिन बसवायला अब्बांनी साफ नकार दिला, आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. कॅम बदलणं ही दुरुस्ती झाली. परकं इंजिन बसवलं तर ती गाडीच वेगळी होते.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. मोजून निर्णय घेणारे उस्तादही आता थोडेच उरलेत. म्हणून इंजिन उतरवण्याच्या दिवशी मी त्या तरुण मेकॅनिकलाही बोलावलं आहे. उस्ताद दाखवतील, तो हात लावेल आणि मी वहीत लिहून घेईन.