सातच्या पाळीला चला

उठा, पहिला भोंगा झाला! कूस बदलायला जागाच नाही, तेव्हा सरळ उठून बसा. उजवीकडचा देवगडचा, डावीकडचा देवगडचा, पायाशी घोरतोय तोही तिकडचाच. लालबागच्या चाळीतला हा गाळा एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलाय. वळकटी उचला लवकर. थोड्या वेळात रात्रपाळीवाले येतील आणि याच फरशीवर आडवे होतील.

साल १९६२, वैशाख. मुंबई महाराष्ट्राची राजधानी होऊन दोन वर्षं झालीत. सचिवालय तिकडे दक्षिणेला, इथे गिरणगाव. नकाशा नको, कान पुरेत. एका बाजूला करी रोडची लोकल, दुसऱ्या बाजूला लोअर परळची, मधूनमधून परळच्या रस्त्यावरची ट्राम, आणि या सगळ्यांवर भोंगे. आपल्या गिरणीचा कुठला ते पोरासोरांनाही कळतं. पायाखालची जमीन सखल आहे. परळ आणि वरळी ही एकेकाळी वेगळी बेटं, मधली खाजणं भरून काढलेली. आषाढात इथे गुडघाभर पाण्यातून पाळी गाठावी लागते. आज नुसता घाम आहे.

गेटवर धक्के खात आत शिरा. बाजूला बदलीवाले ताटकळलेत, कुणाचा खाडा पडतोय याची वाट बघत. त्यांच्या नजरेला नजर देणं जड जातं.

साचेखात्याचं दार उघडलं की आवाज छातीवर आदळतो. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम खडखडताहेत, जमीन थरथरतेय. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, खिडक्या बंद. तेलाचा वास, खळीचा आंबूस वास, आणि नाकातोंडात कापसाची तूस. बोलू नका, ऐकू येणार नाही. शेजारच्या साच्यावरच्याचे ओठ बघा, हाताच्या खुणा बघा. कांडी संपली? नवी धोट्यात बसवा, धोट्याच्या भोकाला ओठ लावा आणि श्वास आत ओढा. सुताचं टोक सर्रकन बाहेर येतं. थोडी तूस घशातही जाते. खोकून घ्या, दिवसभर हेच करायचंय.

साडेतीनला सुटलात की कान बधिर असतात, पण नाक जागं होतं. रस्त्यावर लाल मिरच्यांचे ढीग, वर्षाच्या मसाल्याचे दिवस! कुठेतरी कांडप चाललंय. चार पावलांत तीन शिंका येतील. आता मात्र पाय उचला, खाणावळवाल्या मावशी थांबल्यात.

चाळीतलीच एक खोली. चूल ढणढणतेय, बोंबलाचं कालवण रटरटतंय, भिंतीला टेकून पंगत बसलीय. मावशींना कुणाला तिखट सोसत नाही, कुणाचा सोमवार आहे, सगळं पाठ. पैसे पगाराला, दहा तारखेला. तोवर ताट थांबत नाही, घरची माणसं गावाला ठेवून आलेल्या या गड्यांना उपाशी कुणी झोपू देत नाही. गिरण्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. पण साचा चालवणारे हात या खाणावळवाल्या बायकांनी पोसलेत, आणि गिरणगावाच्या गोष्टीत त्यांचं नाव आधी यायला हवं.

“भात घे रे आणखी,” मावशी डाव पुढे करतात. “रात्री भजन आहे. टाळ कुटायला जोर कुठून आणशील?”