महानिरीक्षक आहेत, पण निरीक्षण कुठे आहे?

आपल्या राज्यात तुरुंग खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला ‘कारागृह महानिरीक्षक’ म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर सगळ्यात मोठा तपासणारा. पुण्यात मुख्यालय, पोलीस सेवेतला वरिष्ठ अधिकारी, हाताखाली मध्यवर्ती आणि जिल्हा कारागृहांचे अधीक्षक. हे साहेब तुरुंग चालवतात आणि तपासतातही तेच. वस्तीतल्या रेशन दुकानदारालाच त्याच्या दुकानाचा तपासनीस नेमला, तर आपण गप्प बसू का? तुरुंगाच्या बाबतीत मात्र आपण पावणेदोनशे वर्षे गप्प बसलो आहोत.

हे पद आले कुठून ते आधी पाहू. मेकॉलेच्या सूचनेवरून १८३६ मध्ये तुरुंग शिस्त समिती नेमली गेली, १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. तुरुंगांवर देखरेखीसाठी स्वतंत्र निरीक्षक हवा ही कल्पना तिथली. वायव्य प्रांतात १८४४ मध्ये पहिला महानिरीक्षक आला. पण १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ५ ने महानिरीक्षकाच्या हाती सगळ्या तुरुंगांचे ‘नियंत्रण आणि अधीक्षण’ दिले. तपासणारा मालक झाला, पाटी तेवढी जुनी राहिली.

त्या काळातले बरेच महानिरीक्षक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर होते. कॉलरा, मृत्यूचे प्रमाण, शिध्याचे वजन हे ते बारकाईने बघत. जातीपुढे मात्र त्यांनी हात टेकले. १८४० च्या दशकात तुरुंगात सामाईक स्वयंपाकाची पद्धत आणली, तेव्हा बिहारमधल्या तुरुंगांत दंगे झाले. १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूरला कैद्यांचे धातूचे लोटे काढून घेतले, त्यावरूनही उठाव झाला. सोवळे मोडते म्हणून कैदी उठले आणि सरकारने माघार घेतली. ‘योग्य’ जातीचा स्वयंपाकी हा प्रकार तुरुंगाच्या पुस्तकात शिरला तो असा. इतिहासकार या दंग्यांना वसाहतवादविरोधी प्रतिकार म्हणून गौरवतात. आम्हाला एवढेच विचारायचे आहे, की त्याच तुरुंगात संडास साफ करायला ज्याला लावले, त्याच्या बाजूने कोणता दंगा झाला?

स्वातंत्र्य आले, संविधान आले, कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. तुरुंगाच्या नियमावल्यांना ते कळलेच नाही. पश्चिम बंगालच्या नियमावलीत सफाईवाला मेहतर किंवा हरी जातीतून निवडावा असे लिहिलेले होते. भटक्या जमातींच्या माणसात पळून जाण्याची ओढ उपजतच असते, असेही तिथे गृहीत धरले होते. उत्तर प्रदेशची नियमावली तर २०२२ ची, आणि तिच्यातही हलकी मानलेली कामे कोणाला लावायची हे त्या कामाची ‘सवय असलेल्या’ जातींकडे बघून ठरवण्याची सोय होती. २०२२! मनुस्मृती बाबासाहेबांनी महाडला १९२७ मध्ये जाळली होती.

या सगळ्या वर्षांत किती महानिरीक्षकांचे किती दौरे झाले असतील? दप्तर तपासले, बराकी मोजल्या, भिंतीची उंची पाहिली, शेरे लिहिले. भेदभाव मात्र सापडला नाही. कारण त्यांची तपासणी विचारत होती, ‘नियमाप्रमाणे चालले आहे का?’ आणि भेदभाव हाच नियम होता. तो शोधला सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी, २०२० मध्ये. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, तीन महिन्यांत नियमावल्या बदला, असे आदेश दिले. सगळा गणवेशधारी डोलारा जे बघू शकला नाही, ते बाहेरच्या एका बाईने बघितले. तपासणीवर कोण बसले आहे, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले, त्यात कायदेमंडळातल्या जागांबरोबर सैन्य, नौदल आणि पोलिसांत भरतीची मागणीही होती. नोकरी मिळावी एवढाच हेतू नव्हता. दंडुका ज्याच्या हातात, कायदा त्याच्या बाजूने वाकतो, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी सावध केले, की संविधानाच्या शब्दाला हात न लावता केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलूनही संविधान निकामी करता येते. आपली पोरं संविधानाची उद्देशिका तोंडपाठ म्हणतात, चांगले आहे. पण तुरुंग नियमावली किती जणांनी वाचली?

दुसरीकडे काय होते तेही पाहा. इंग्लंडने तुरुंग चालवणारा आणि तपासणारा वेगळा केला. १९७९ च्या मे समितीनंतर स्वतंत्र मुख्य निरीक्षक आला, १९८२ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. डेव्हिड रॅम्सबॉथम हे निवृत्त जनरल त्या पदावर आले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये लंडनच्या हॉलोवे महिला तुरुंगातली अवस्था बघून तपासणी अर्धवट टाकून आपले पथक घेऊन बाहेर पडले. देशभर गाजावाजा झाला. या निरीक्षकाला तुरुंगाधिकाऱ्याला हुकूम देता येत नाही, बदली करता येत नाही. त्याची ताकद दोनच गोष्टींत आहे: न सांगता जाणे आणि जे दिसले ते छापणे. २०१७ पासून गंभीर स्थिती असेल तर तो थेट मंत्र्याला पत्र लिहितो आणि मंत्र्याला २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावे लागते. तिथले तुरुंग त्यामुळे स्वर्ग झाले असे नाही. पण झाकून ठेवणे महाग पडते.

आपल्याकडे तुकडे आहेत, जोडणी नाही. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाबद्दल शीला बारसे यांनी पत्र लिहिले, त्यावर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्र न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात असा आदेश दिला. १९८० ते ८३ च्या मुल्ला समितीने राष्ट्रीय तुरुंग आयोग मागितला, तो झाला नाही. मानवी हक्क आयोगाला २००६ च्या दुरुस्तीनंतर तुरुंगात जायला सरकारला आधी कळवावे लागत नाही. आणि छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, मंजुरी आजपर्यंत दिलेली नाही.

याची किंमत कोण मोजते? परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हा उच्च न्यायालयाचा आदेश यायला जुलै २०२५ उजाडले, तोही त्याच्या आईने झुंज दिली म्हणून. मेल्यानंतरची चौकशी आणि मरू नये म्हणूनची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपण मोर्चे काढतो. दुसरीचा विषय आपल्या बैठकीत निघत नाही.

आणि हे परभणीचेच नाही. कल्याणचे आधारवाडी कारागृह आपल्या मोहन्यापासून काही किलोमीटरवर आहे. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात, क्षमता ११०५, आत त्याच्या कितीतरी जास्त माणसे. देशात चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. आंबिवलीच्या इराणी वस्तीचे नाव पेपरात येते ते सबंध वस्ती गुन्हेगार असल्यासारखे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची भाषा अशीच होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला, मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि नजर तीच राहिली.

२०२४ च्या त्या निकालात एक दार उघडे आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून तुरुंगांची नियमित तपासणी करायची, जातिभेद चालू आहे का ते बघायचे आणि संयुक्त अहवाल राज्य प्राधिकरणाला द्यायचा. अभ्यागत मंडळात जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी असे अधिकारी असतात, पण अशासकीय सदस्यही असतात. त्या जागांवर कोण बसते हे सरकार ठरवते, आणि मागणारे नसले की ओळखीचे पाहुणे बसतात.

म्हणून आम्ही माहिती अधिकारात चार गोष्टी मागणार आहोत. आधारवाडीच्या अभ्यागत मंडळावर आज अशासकीय सदस्य कोण आहेत आणि त्यांत अनुसूचित जाती, भटके विमुक्त किती. निकालानंतर संयुक्त तपासणी किती वेळा झाली. अहवालाची प्रत. आणि आत सफाईच्या कामाची वाटणी कोणत्या नोंदीवरून होते. ठाण्यासाठी असाच अर्ज तिथल्या कार्यकर्त्यांनी करावा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका, अर्ज त्याच कारणावरून परत येतात.