फोटोतली बाई कोण?

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनींचा फोटो काढला गेला. एक साडीत, एक किमोनोत, एक सीरियन पोशाखात. तो कधीतरी तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. आजही आपण तिघींना नावानं ओळखतो, कारण फोटोखाली कुणीतरी नावं आणि गावं लिहून ठेवली: आनंदीबाई जोशी, सेरामपूर, केई ओकामी, टोकियो, ताबात इस्लामबुली, दमास्कस.

पण ही ओळही जपून वाचावी लागते. तिघींच्या नावाआधी 'डॉक्टर' आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये. म्हणजे मजकूर फोटोनंतर काही वर्षांनी लिहिलेला. सेरामपूर हे गोपाळरावांच्या पोस्टातल्या नोकरीचं गाव. आनंदीबाई वाढल्या कल्याणला आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वारल्या पुण्यात. एवढीच ओळ हाती असलेला माणूस त्यांचं घराणं बंगालात शोधत बसेल.

नावाचा गुंता त्याहून मोठा. आनंदीबाई माहेरच्या यमुना. लग्नात नाव बदललं, आडनाव मात्र तेच राहिलं, कारण माहेरही जोशी आणि सासरही जोशी! ओकामी हेही नवऱ्याचं आडनाव. माहेरच्या त्या निशिदा. पुण्यातल्या रमाबाई रानडे याही माहेरी यमुनाच होत्या, कुर्लेकरांच्या.

आता आपल्या घरातल्या अल्बमकडे या. फोटोच्या मागे काय लिहिलेलं असतं? 'सौ. वहिनी', 'पुण्याची काकू', नाहीतर 'आम्ही सर्व'. लिहिणाऱ्याला ते पुरेसं होतं. दोन पिढ्यांनंतर ती वहिनी कुणाची, हे सांगणारं कुणी उरत नाही. पुरुषाचा माग आडनावावरून, वडिलांच्या नावावरून लागतो. बाईचा माग लग्नाच्या मांडवात तुटतो. अनेक कुलवृत्तांतांमध्ये सुनेच्या नावासोबत माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव दिलेलं दिसतं, ते याचसाठी. फोटोमागेही तेच लिहायला हवं: सासरचं नाव, माहेरचं नाव, गाव, अंदाजे साल, आणि ही माहिती कुणी, कधी सांगितली. खात्री नसेल तर 'बहुधा' लिहा. ठामपणे लिहिलेली चूक पुढच्या माणसाला कोऱ्या पाठीपेक्षा जास्त फिरवते.

लिहायचं मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो आणि शाई पसरते. चिकटपट्टी नको. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. आधी पानासकट त्याचा फोटो काढून घ्या. कार्डावर छापलेलं स्टुडिओचं नाव कापू नका, त्यावरून गाव आणि काळ कळू शकतो.

आणि एकच प्रत ठेवू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा घरातल्या भांड्याकुंड्यांबरोबर ट्रंकांमधले कागद आणि फोटोही गेले. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला चिकटतो. भिजलेले फोटो वाळण्याआधीच, स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सुटे करावे लागतात.

आज पूर दुसऱ्या प्रकारचा आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याचा आकार कमी होतो आणि फाइलमध्ये दडलेली तारीख, जागा गळून जाते. म्हणून स्कॅन 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि 'आयएमजी' नावाच्या फाइलला माणसाचं नाव द्या: '१९५४-सदाशिव पेठ-डावीकडून…' असं. मागची बाजूही स्कॅन करा; तिथलं हस्ताक्षर हाही पुरावाच.

हे सगळं सावकाश केलं तरी चालेल. घाई एकाच गोष्टीची आहे. फोटोतली माणसं ओळखणारी आजी, आत्या किंवा मावशी आज फोन उचलते आहे. तिच्यासमोर फोटो धरा, रेकॉर्डर सुरू करा, आणि प्रत्येक बाईवर बोट ठेवून विचारा: "ही माहेरची कोण?"