जीजींची आनुपूर्वी



दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या आजेसासूबाईंची आनुपूर्वी सापडली. आम्ही सगळे त्यांना जीजी म्हणायचो. तळहाताएवढी पुस्तिका, कव्हर कधीच गेलेलं, कोपरे बोटांच्या तेलाने पिवळे पडलेले. आत वाचायला जवळजवळ काहीच नाही. पानोपानी चौकटी आणि चौकटीत १ ते ५ आकडे, दर ओळीत वेगळ्या क्रमाने. माझी मुलगी अकरावीत आहे. तिने पान उलटून विचारलं, "मम्मी, हे सुडोकू आहे का?" मी हसले. मग वाटलं, तिचं फार काही चुकलं नाही.

तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या सामायिकेच्या पिशवीत ती असेलच. कुणाच्या तपाच्या पारण्याला, कुणाच्या दीक्षेला प्रभावना म्हणून मिळालेली. काहींत समोरच्या पानावर तीर्थंकरांची चित्रं असतात, काहींत नुसते आकडे. ज्यांनी कधी गणली नाही त्यांच्यासाठी सांगते. १ म्हणजे नवकारातलं अरिहंतांचं पद, २ सिद्धांचं, ३ आचार्यांचं, ४ उपाध्यायांचं, ५ सर्व साधूंचं. ओळीत जो आकडा दिसेल ते पद मनात म्हणायचं. पहिल्या कोठ्यात ओळी अशा येतात: १ २ ३ ४ ५, मग २ १ ३ ४ ५, मग १ ३ २ ४ ५, मग ३ १ २ ४ ५, २ ३ १ ४ ५, आणि शेवटी ३ २ १ ४ ५. सहा ओळी झाल्या की पुढचा कोठा. असे २० कोठे, १२० ओळी, ६०० पदं. सावकाश गणली तरी एका सामायिकेच्या ४८ मिनिटांत निवांत बसते.

नीट बघा, पहिल्या कोठ्यात ४ आणि ५ जागचे हलत नाहीत. हलतात ते पहिले तीन. म्हणजे दर ओळीत मन तीन पावलं चाचपडतं आणि मग दोन ओळखीच्या पायऱ्यांवर टेकतं. पुढच्या कोठ्यात त्या शेवटच्या दोन पायऱ्या बदलतात. फार अवघड नाही, पण झोपेतही जमेल इतकं सोपंही नाही. ही मधली जागा कुणीतरी फार विचार करून निवडली आहे असं मला नेहमी वाटतं.

याचं मूळ शोधत गेलं की आपण थेट आगमात पोचतो. अनुयोगद्वार सूत्र हे सूत्रं कशी उलगडायची ते शिकवणारं आगम. परंपरा त्याचा संबंध आर्यरक्षितसूरींशी जोडते. त्यात 'आनुपूर्वी' म्हणजे क्रम, आणि त्याचे नाम, स्थापना, द्रव्य असे करत करत भाव-आनुपूर्वीपर्यंत दहा प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रकार उत्कीर्तन-आनुपूर्वी, म्हणजे नावं उच्चारण्याचा क्रम. ऋषभदेवांपासून वर्धमानांपर्यंत चोवीस नावं घेतली तर पूर्वानुपूर्वी. महावीरांपासून उलटं ऋषभदेवांकडे गेलं तर पश्चानुपूर्वी. आणि या दोन्ही सोडून मध्ये कसंही घेतलं तर अनानुपूर्वी.

आता 'कसंही' म्हणजे किती प्रकारे? सूत्रकार इथे थांबत नाहीत, मोजायची रीत देतात. एकापासून एकेक वाढवत आकडे मांडा, सगळ्यांचा एकमेकांशी गुणाकार करा आणि दोन वजा करा. ते दोन म्हणजे सरळ आणि उलटा क्रम. सहा द्रव्यं घेतली तर १ × २ × ३ × ४ × ५ × ६, म्हणजे ७२०, त्यातून दोन गेले, राहिले ७१८. नवकाराची पाच पदं घेतली तर १२०, वजा दोन, ११८. म्हणजे जीजींच्या पुस्तिकेतल्या १२० ओळींपैकी ११८ ओळी अनानुपूर्वी आहेत. आणि चोवीस तीर्थंकरांचे सगळे क्रम मोजायला गेलात तर उत्तर येतं चोवीस अंकी! हे मुलीने मोबाईलवर काढून दाखवलं. तिचं कॉलेजात हेच प्रकरण चालू आहे, फक्त तिथे त्याला 'पर्म्युटेशन' म्हणतात. पुढे बाराव्या शतकात मलधारी हेमचंद्रसूरींनी या सूत्रावर टीका लिहिली, तेव्हा हे क्रम एकही न चुकता, एकही दोनदा न येता एकाखाली एक कसे मांडत जायचे तेही समजावलं. (हे हेमचंद्र वेगळे. कुमारपाळ राजाचे गुरू ते कलिकालसर्वज्ञ हेमचंद्र.)

नवकाराच्या क्रमावर तर जुनी शंकाच नोंदलेली आहे. आवश्यक निर्युक्तीत एक हुशार शंकेखोर विचारतो की हा क्रम कुठला म्हणायचा? थोरांपासून सुरुवात करायची तर आधी सिद्ध यायला हवेत. लहानांपासून करायची तर आधी साधू. इथे तर अरिहंत पहिले! उत्तर असं दिलंय की सिद्ध आहेत हे आपल्याला कळलं तेच अरिहंतांच्या उपदेशामुळे, म्हणून आधी अरिहंत, आणि हाच सरळ क्रम. मला ही शंका फार आवडते. आपण जो मंत्र श्वासासारखा म्हणतो, त्याचा क्रम कुणीतरी अडवून तपासला होता.

आमच्या दिगंबर मैत्रिणी म्हणतील, तुमच्याकडेच का गणित? तर नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, साधारण इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा रसांचे किती मेळ होतात असं उदाहरण आहे. उत्तर ६३. रोज भाजी आमटी करताना आपण त्या त्रेसष्टांपैकी कुठल्या घरात असतो कोण जाणे.

पण अनुयोगद्वारात मनाच्या शांतीचा विषय नाही. तिथे विषय शास्त्र समजून घेण्याचा आहे. मन कुठे येतं ते बघायला तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय उघडावा लागतो. त्यात ध्यानाचे चार प्रकार आहेत: आर्त, रौद्र, धर्म आणि शुक्ल. ज्याला आपण आज 'टेन्शन' म्हणतो ते यातलं पहिलं, आर्तध्यान. नको ते वाट्याला आलं, ते कधी जाईल याचा घोर. हवं ते दूर गेलं, त्याचा घोर. दुखण्याचा घोर. आणि पुढे अमुक मिळावंच, याचा घोर. चारही प्रकार वाचताना मला आमच्या सोसायटीतल्या बायकांचे चेहरे दिसतात, आणि आरशातला माझाही.

यात पकडण्यासारखी गोष्ट अशी की काळजीलाही आपल्या लोकांनी 'ध्यान' म्हटलंय. काळजी करणारी बाई विस्कळीत नसते. ती अगदी एकाग्र असते, फक्त चुकीच्या ठिकाणी. म्हणून तिला "मन रिकामं कर, काही विचार करू नकोस" असं सांगण्यात अर्थ नाही. तिची एकाग्रता उचलून दुसरीकडे ठेवावी लागते. आणि तिथे साधी माळ कधीकधी कमी पडते, कारण सरळ क्रम इतका मुरलेला असतो की जीभ नवकार म्हणते आणि मन हिशेब करत राहतं.

हे मला पुस्तकाने नाही, मागच्या वर्षी कळलं. घरात एक मोठं आजारपण होऊन गेलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर बरं म्हणाले, माणूस घरी आला, आणि मग माझी झोप गेली. रोज रात्री अडीचला जाग. रिपोर्ट, पैसे, पुन्हा काही झालं तर. माळ घ्यायचे, १०८ मणी संपायचे आणि लक्षात यायचं की मी मधल्या वेळात अख्खं हॉस्पिटल पुन्हा फिरून आले. डॉक्टरांकडे गेले, त्यांचं औषधही घेतलं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण अडीच वाजता डॉक्टर नसतात. तेव्हा जीजींचं बोलणं आठवलं.

जीजी चौथीपर्यंतही शिकलेल्या नव्हत्या. १९७२ च्या दुष्काळात आमचं नगर जिल्ह्यातलं दुकान उधारीत अडकलं होतं. शेतकऱ्याकडे द्यायला काही नाही, आणि मागायला जायची आपल्यालाही लाज. त्या काळात त्या संध्याकाळचं जेवण आटोपून, चोविहाराचं पचक्खाण घेऊन, अंधार पडायच्या आत ओट्यावर आनुपूर्वी घेऊन बसायच्या. पुढे मी सून म्हणून आले तेव्हा विचारलं होतं, माळ का नाही? म्हणाल्या, "बेटा, माळ बोटं फिरवतात. ह्याला डोकं लागतं. डोकं इकडे आलं की दुकान जरा वेळ तिकडे राहतं."

मग मीही आनुपूर्वी घेतली. दिवा लावायला नको म्हणून मोबाईलच्या उजेडात. पहिल्या रात्री तिसऱ्या कोठ्यात चुकले, पुन्हा मागे गेले. चुकलं की लगेच कळतं, हा तिचा गुण. माळेत मन सुटलं तर सांगणारं कुणी नसतं, इथे आकडाच हात धरून आणतो. भीती गेली असं म्हणणार नाही. ती खोलीतच होती, पण बाराव्या तेराव्या कोठ्यापर्यंत मी तिच्याकडे बघत नव्हते. काही रात्री विसावा कोठा आला, काही रात्री पुस्तिका छातीवर उघडी राहून सकाळ झाली. आणि हळूहळू ते चुकणं, पकडणं, पुढे जाणं मला आवडायलाच लागलं, जसं लहानपणी पाचखडे आवडायचे. धर्माच्या गोष्टीत मजा वाटली म्हणून संकोच करू नये, असं माझं मत झालंय.

पुस्तिकांच्या सुरुवातीला फळ छापलेलं असतं, की शुद्ध भावाने गणली तर सहा महिन्यांच्या तपाचं फळ मिळतं. जीजी यावर हसायच्या. "वीस मिनिटांत सहा महिने? वाण्याच्या बायकोला असला सौदा खरा वाटत नाही," म्हणायच्या, आणि तरीही रोज गणायच्या.

तर दिवाळीत सापडलेल्या त्या पुस्तिकेचं शेवटचं पान कव्हराबरोबरच गळून गेलंय, एकोणिसावा आणि विसावा कोठा. मी म्हटलं, नवीन आणू, स्थानकात मिळेल. मुलगी म्हणाली थांब. तिने उरलेल्या अठरा कोठ्यांच्या शेवटच्या दोन आकड्यांच्या जोड्या लिहून काढल्या. पाच आकड्यांच्या जोड्या वीस होतात, त्यातल्या दोनच राहिल्या होत्या, ३ १ आणि २ १. मग पहिल्या कोठ्यासारखी चाल लावून जांभळ्या पेनने आलेखाच्या कागदावर बारा ओळी लिहिल्या. सहामाहीच्या निकालाचं तिचं तोंड पाडून बसणं तेवढा अर्धा तास बंद होतं. शेवटची ओळ आली ५ ४ ३ २ १, सूत्रातली पश्चानुपूर्वी. कागद कापून आम्ही तो जीजींच्या पुस्तिकेला गव्हाच्या खळीने चिकटवला. तिचा ४ अजून ९ सारखा दिसतो, त्यामुळे रात्री तिथे आले की मी दर वेळी क्षणभर अडखळते.

लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.