जुन्नरच्या डोंगरावरचं विमान आणि ‘कारण’ नावाचा शब्द

७ जुलै १९६२. मध्यरात्र उलटून काहीच मिनिटं झालेली, ऐन पावसाळा. आलितालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ जातीचं जेट विमान सिडनीहून रोमला निघालं होतं आणि बँकॉक सोडून मुंबईला उतरायच्या तयारीत होतं. मुंबईच्या साधारण ८४ किलोमीटर अलीकडे, जुन्नर भागातल्या डोंगरावर ते आदळलं. विमानात ९४ जण होते. एकही वाचला नाही.

ही घटना शोधायला गेलात तर आधी दोन गोष्टी अडवतील. पहिली तारखेची. काही नोंदी ६ जुलै म्हणतात, काही ७. दोन्ही बरोबर आहेत, कारण विमानांचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर चालतं आणि आपलं साडेपाच तास पुढे असतं. दुसरी जागेच्या नावाची. इंग्रजी नोंदींमध्ये डोंगराचं नाव ‘दवंड्याची’ असं येतं. मराठी माणसाला लगेच कळतं की हे नाव नाही, ही षष्ठी आहे. दवंड्याची काय? टेकडी, वाडी की आणखी काही? ते नाम गळून पडलं आणि नुसतं विशेषण जगभरच्या याद्यांमध्ये जाऊन बसलं. प्राथमिक साधनं वाचताना असे तुटके शब्द जपून ठेवा. नोंद करणारा त्या भूभागाला किती ओळखत होता, हे त्यातून दिसतं.

चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा: दिशा आणि अंतराचा अंदाज चुकला. आपण मुंबईच्या जास्त जवळ आहोत असं वैमानिकाला वाटलं आणि सरळ धावपट्टीकडे उतरायचं म्हणून त्याने वेळेआधीच विमान खाली आणलं. पूरक कारणं तीन दिली आहेत: उपलब्ध दिशादर्शक साधनांचा वापर न करणं, ठरलेली किमान सुरक्षित उंची न पाळणं आणि मार्गावरच्या भूप्रदेशाची ओळख नसणं.

आता हे नकाशावर मांडून बघू. उतरताना विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला तर ८४ किलोमीटर म्हणजे जेमतेम दहा मिनिटं. सगळी चूक एवढ्याशा वेळेत मावते. ही दहा मिनिटं एखाद्या सपाट प्रदेशात चुकली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण इथे सह्याद्री आहे. जुन्नरचं पठारच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर, त्यावर शिवनेरी-जीवधनसारखे साडेतीन हजारांच्या आसपासचे डोंगर, आणि नाणेघाटाच्या कड्याशी जमीन एकदम खाली कोकणात. उंचीमापक दाखवतो ती समुद्रसपाटीपासूनची उंची, पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. कल्याणवरून जी उंची अगदी रास्त, तीच घाटमाथ्यावर डोंगराच्या पोटात. शिवाय रात्र आणि ढग. बाहेर बघून चूक कळायची सोयच नव्हती.

म्हणून ‘वैमानिकाची चूक’ हे उत्तर खोटं नाही, पण ते एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. शेवटची चुकीची कृती कुणी केली, एवढंच त्यातून कळतं. भूप्रदेशाची ओळख नव्हती, ठीक. पण ती करून द्यायची जबाबदारी कुणाची होती? हा प्रश्न विचारला की कारण कॉकपिटच्या बाहेर पडतं आणि कंपनी, प्रशिक्षण, नकाशे, नियंत्रण कक्ष असं पसरत जातं.

वैमानिकांचा जुना आक्षेप हाच आहे. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत टीडब्ल्यूएचं फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळच्या माउंट वेदर डोंगरावर असंच उतरताना आदळलं, ९२ जण गेले. ‘उतरायला परवानगी’ या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता, नियंत्रकांनी दुसरा. चौकशी मंडळातच फूट पडली, तीन विरुद्ध दोन. सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडचं विमान त्याच ठिकाणी थोडक्यात वाचलं होतं, पण ती माहिती त्या कंपनीतच राहिली. यानंतर जमीन जवळ येतेय असा इशारा देणारं यंत्र अमेरिकेत सक्तीचं झालं. नुसतं ‘वैमानिक चुकला’ म्हणून फाइल बंद केली असती तर ते झालं असतं का, मला शंका आहे.

आता दुसरी बाजू. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ मॉन्ट ब्लँकवर आदळलं, ११७ जण गेले, त्यात होमी भाभा. अधिकृत निष्कर्ष वाचा आणि जुन्नर आठवा: दिशादर्शक यंत्राचा एक भाग नादुरुस्त, रडार नियंत्रकाने सांगितलेल्या अंतराचा गैरसमज, शिखर मागे पडलं असं समजून उतरायला सुरुवात. इटलीचं विमान आपल्या डोंगरावर, आपलं विमान इटलीच्या सीमेवरच्या डोंगरावर, आणि यंत्रणा जवळपास तीच. पण भाभांमुळे घातपाताच्या कथा आजही फिरतात. जुन्नरबद्दल एकही ऐकू येत नाही. पुराव्याचा दर्जा दोन्हीकडे तसा सारखाच, फरक आहे तो प्रवाशांच्या यादीत.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातात हे सगळं काही दिवसांत घडलं. १२ जुलैच्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. ‘तू बंद का केलंस’ असं एक वैमानिक विचारतो आणि दुसरा ‘मी केलं नाही’ म्हणतो, एवढंच त्यात होतं. कोण कोणाला म्हणालं ते लिहिलं नव्हतं. माध्यमांनी ती रिकामी जागा लगेच भरली, काही अनुभवी वैमानिकांनीही जाहीरपणे भरली, तर वैमानिकांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. मला वाटतं संघटनांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण एक गोष्ट त्याही टाळतात: संभाषणाचं एकच वाक्य गोषवाऱ्यात द्यायचं आणि बाकी झाकायचं, तर तर्क लढवले जाणारच. त्याचा दोष फक्त वाचणाऱ्यांवर कसा टाकायचा? मृत कॅप्टनच्या वडिलांना मात्र नव्वदीत सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

आंतरराष्ट्रीय नियमांचं परिशिष्ट १३ म्हणतं की चौकशीचा उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नव्हे. अहवाल वाचायला घ्याल तेव्हा दोन रंगांची पेन्सिल ठेवा. मोजलेलं एका रंगाने, अनुमान दुसऱ्या रंगाने. जुन्नरच्या निष्कर्षात ८४ किलोमीटर पहिल्या रंगात येतं. ‘वैमानिकाला वाटलं’ कुठल्या रंगात जाईल, हे करून बघा.