क्लब सॉकर, मुलींचे : अमेरिकेतील महाविद्यालयीन शिष्यवृत्ती व खेळाडूनिवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळकरी मुली खासगी क्लबांकडून सॉकर खेळतात, तेथे विद्यापीठांचे प्रशिक्षक त्यांना हेरतात आणि खेळाच्या बळावर काही मुलींना महाविद्यालयात प्रवेश, आर्थिक साहाय्य किंवा दोन्ही मिळते. गेल्या चार-पाच दशकांत उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेची ही नोंद आहे. भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात तोच हा खेळ. या नोंदीत ‘फुटबॉल’ हा शब्द मात्र अमेरिकन फुटबॉलसाठी वापरला आहे, कारण त्या खेळाचा हिशेब मांडल्याशिवाय मुलींच्या शिष्यवृत्त्यांचा उगम कळत नाही.

या व्यवस्थेचा पाया कायद्यात आहे. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर सही केली. त्यातील ‘टायटल नाइन’ हे प्रकरण केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई करते. त्याच्या मूळ वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही. मात्र अमेरिकेत स्पर्धात्मक खेळ मोठ्या प्रमाणावर विद्यापीठांच्याच आश्रयाला असल्याने कायद्याचा सर्वांत मोठा परिणाम मैदानावर दिसला. विद्यापीठांच्या वरच्या गटात एकेका फुटबॉल संघाला ८५ शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती आणि त्या तोडीचा मुलींचा खेळ नव्हता. ती तूट भरून काढायला मोठ्या संघाचा, साधने कमी लागणारा आणि मैदान तयार असलेला खेळ हवा होता. सॉकर त्यात चपखल बसला. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) प्रथम विभागात पुरुषांच्या सॉकर संघाला ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा असताना महिलांच्या संघाला ती १४ होती. संघांच्या संख्येतही हेच दिसते : या विभागात महिलांचे सुमारे साडेतीनशे संघ आहेत, पुरुषांचे दोनशेच्या थोडे वर. मुलींच्या सॉकरचा प्रसार खेळाच्या लोकप्रियतेमुळे झाला असे सर्रास सांगितले जाते. पण लोकप्रियतेइतकाच वाटा या हिशेबाचाही आहे.

एनसीएएची पहिली महिला सॉकर स्पर्धा १९८२ मध्ये झाली आणि ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली. या विद्यापीठात १९७९ मध्ये संघ बांधणारे प्रशिक्षक अँसन डोरन्स २०२४ पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्या कारकिर्दीत संघाने एनसीएएची २१ विजेतेपदे मिळवली. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाचे प्रशिक्षकही तेच होते. मिया हॅम आणि क्रिस्टीन लिली याच विद्यापीठातून आल्या. १० जुलै १९९९ रोजी पॅसाडिना येथील रोज बोल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षकांसमोर अमेरिकेने दुसरा विश्वचषक जिंकला, आणि त्यानंतरच्या दशकात क्लबांकडे मुलींची रीघ लागली.

शिष्यवृत्ती म्हणजे सगळा खर्च माफ, ही समजूत मुलींच्या सॉकरमध्ये बहुधा खोटी ठरते. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल या महिलांच्या खेळांत प्रथम विभागात शिष्यवृत्ती माणशी मोजली जाई : जिला मिळे तिला ती पूर्ण मिळे. सॉकरमध्ये १४ हा आकडा पूर्ण शिष्यवृत्त्यांच्या मोलाचा होता आणि प्रशिक्षक तो हवा तसा वाटू शके. संघात २८ मुली असतील तर सरासरीने प्रत्येकीच्या वाट्याला निम्मी शिष्यवृत्ती येई. प्रत्यक्षात गोलरक्षक किंवा मोक्याच्या आघाडीपटूला जास्त आणि काहींना फक्त पुस्तकांचा खर्च किंवा काहीच नाही. चार वर्षांच्या शिक्षणक्रमात दरवर्षी साधारण चतुर्थांश संघ बाहेर पडतो, म्हणजे एका विद्यापीठाकडे एका वर्षी नव्याने देण्यासारख्या जेमतेम साडेतीन शिष्यवृत्त्या उरत. शिवाय चौदाचा आकडा ही कमाल मर्यादा होती आणि अनेक विद्यापीठे तेवढाही निधी देत नसत. द्वितीय विभागात मर्यादा ९.९ होती. एनएआयए या लहान महाविद्यालयांच्या संघटनेत ती १२, तर दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत २४ अशी बरीच सैल असे. तृतीय विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांची आयव्ही लीग प्रथम विभागात खेळते, तरी तीही खेळासाठी पैसे देत नाही. तेथे घरच्या उत्पन्नावर ठरणारे साहाय्यच मिळते.

ही मांडणी २०२५ मध्ये बदलली. ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोडीला ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजुरी दिली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाच्या आकाराची मर्यादा आली. महिला सॉकरसाठी ती २८ आहे. कागदावर आता अठ्ठावीसही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. मात्र याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याचीही वाट मोकळी केली, आणि तो पैसा मुख्यतः फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडे वळतो. त्यामुळे सॉकरची तिजोरी सगळीकडे सारखी भरेल असे नाही. उलट पूर्वी तिसाहून अधिक मुली संघात ठेवणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीविना सराव करणाऱ्या मुलींची जागा गेली.

क्लबांची उभारणी शाळांना समांतर झाली. कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये एवायएसओ ही संस्था आणि १९७४ मध्ये यूएस यूथ सॉकर ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दोन्हींचा भर मुळात जास्तीत जास्त मुलांनी खेळावे यावर होता. वेचक संघ, पगारी प्रशिक्षक आणि दूरचे दौरे हे पुढच्या टप्प्यात आले. २००९ मध्ये काही आघाडीच्या क्लबांनी मुलींसाठी ईसीएनएल ही राष्ट्रीय लीग काढली. २०१७ मध्ये अमेरिकी सॉकर महासंघाने मुलींची स्वतःची ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ सुरू केली व तिच्या खेळाडूंना शाळेच्या संघातून खेळण्यास बंदी घातली. ही बंदी अनेक कुटुंबांना रुचली नाही, कारण शाळेचा संघ म्हणजे गावासमोर आणि मैत्रिणींसोबत खेळणे. दोन लीगांनी एकमेकींचे क्लब पळवण्याचा खेळ सुमारे तीन वर्षे चालला. एप्रिल २०२० मध्ये महासाथीच्या काळात महासंघाने अकॅडमी बंद केली. तिच्यातील बरेच क्लब ‘गर्ल्स अकॅडमी’ या नव्या लीगमध्ये गेले, उरलेले ईसीएनएलकडे परतले. शाळेचा हंगाम राज्यागणिक वेगळ्या ऋतूत येतो, त्यामुळे विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना शाळांचे सामने बघत फिरणे परवडत नाही. खेळाडूनिवडीत क्लब वरचढ ठरले त्यामागचे साधे कारण हेच.

हे क्लब पालकांच्या पैशावर चालतात. वार्षिक शुल्क, गणवेश, लीगचे शुल्क, विमानप्रवास आणि हॉटेल मिळून वरच्या पातळीवर एका मुलीमागे वर्षाला हजारो डॉलर जातात, आणि हे दहा-अकराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत चालते. काही क्लब गरजूंना शुल्कात सवलत देतात, पण दौऱ्यांचा खर्च व पालकांचा वेळ तिच्यात धरलेला नसतो. म्हणून या व्यवस्थेत उपनगरी मध्यम व वरच्या वर्गातील मुली बहुसंख्य दिसतात. एनसीएएच्या अंदाजानुसार शाळेत सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी सात-आठ जणी कोणत्या ना कोणत्या विभागात पोहोचतात, प्रथम विभागात जेमतेम दोन-अडीच. अर्धी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीच्या घरीही आठ वर्षांच्या खर्चाची वजाबाकी केली तर शिल्लक फारशी राहत नाही. क्लब शिष्यवृत्तीची भाषा बोलतात. प्रत्यक्षात ते विकतात ती नजरेस पडण्याची संधी.

ही संधी ‘शोकेस’ स्पर्धांत मिळते. फ्लोरिडा, टेक्सस, ॲरिझोना, कॅलिफोर्निया येथील वीस-वीस मैदानांच्या संकुलांत तीन-चार दिवस सामने होतात. निकालाला महत्त्व बेताचेच. विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेला शर्ट घातलेले प्रशिक्षक घडीच्या खुर्च्या मांडून कडेला बसतात आणि क्लबने दिलेल्या पुस्तिकेत मुलीचा क्रमांक, जागा, शाळेतील गुणांची सरासरी व क्लबच्या प्रशिक्षकाचा फोन पाहून टिपणे करतात. मुलगी आधीच पंचवीस-तीस विद्यापीठांना ईमेल पाठवून वेळापत्रक व चित्रफीत कळवते. दुसरा मार्ग विद्यापीठांच्या आवारातील उन्हाळी शिबिरांचा. तेथे शुल्क भरून प्रशिक्षकांसमोर खेळता येते. पण शिबिराचे निमंत्रण आणि निवडीची खरी उत्सुकता यांतला फरक ओळखणे नवख्या पालकांना जड जाते, कारण शिबिरे हे प्रशिक्षकवर्गाच्या उत्पन्नाचेही साधन आहे.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निवडीचे वय झपाट्याने खाली आले. आठवी-नववीतल्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुली विद्यापीठांना तोंडी होकार देऊ लागल्या. त्या काळच्या नियमांनी प्रशिक्षकाला एवढ्या लहान मुलीला फोन करण्याची मनाई होती, पण मुलीने आपणहून केलेला फोन घेण्याची नव्हती. मग प्रशिक्षक क्लबच्या प्रशिक्षकाला निरोप देई, तो मुलीला वेळ कळवी आणि मुलगी ठरल्या वेळी फोन करी. स्वखर्चाने विद्यापीठ पाहायला जाण्यालाही वयाची अट नव्हती. ऑलिव्हिया मोल्ट्री या खेळाडूने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला होकार दिला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुढे महाविद्यालयाची वाट सोडून तेराव्या वर्षी ती व्यावसायिक झाली. तोंडी होकार कोणत्याच बाजूला कायद्याने बांधत नाही. दरम्यान प्रशिक्षक बदलला, मुलगी जायबंदी झाली किंवा तिची वाढ थांबली तर शब्द हवेत विरे.

२०१९ मध्ये एनसीएएने प्रथम विभागासाठी नियम बदलले. आता दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाला निवडीविषयी मुलीशी बोलता येत नाही, मग फोन कोणीही केलेला असो. विद्यापीठाच्या अधिकृत व अनौपचारिक भेटी अकरावीच्या वर्षी १ ऑगस्टपासून सुरू होतात. परिणामी १५ जूनचा मुहूर्त गाठून मध्यरात्रीपासूनच संदेश व फोन सुरू होतात आणि पुढच्या काही आठवड्यांत वरच्या विद्यापीठांच्या बऱ्याच जागा ठरून जातात. घाई संपली नाही. ती सोळाव्या वर्षाच्या आसपास आली, हीच काय ती सुधारणा. क्लबच्या प्रशिक्षकामार्फत अंदाज घेणेही पूर्ण थांबलेले नाही. १९६४ पासून चालत आलेले ‘राष्ट्रीय संमतिपत्र’ ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले. बारावीच्या वर्षी नोव्हेंबरपासून आता थेट आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते.

अभ्यासाची अट वेगळी आहे. प्रथम विभागासाठी शाळेत १६ मूलभूत विषयक्रम पूर्ण करावे लागतात आणि त्यांत किमान २.३ गुणसरासरी लागते. प्रमाणित प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली. चांगले गुण असलेली मुलगी प्रशिक्षकाला दुहेरी सोयीची असते, कारण तिच्या गुणवत्ता-शिष्यवृत्तीमुळे त्याचा क्रीडानिधी वाचतो. निवडक विद्यापीठांत तर खेळाचे खरे मोल पैशात नसून प्रवेशात असते : प्रशिक्षकाच्या यादीत नाव असले की अर्जाचे पारडे जड होते. आयव्ही लीग आणि तृतीय विभागातील नामांकित महाविद्यालयांकडे शिष्यवृत्ती नसतानाही ओढा असतो तो यामुळेच. मार्च २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेशघोटाळ्यात हीच फट वापरली गेली होती. सॉकर न खेळणाऱ्या मुलीला खेळाडू म्हणून दाखवण्यासाठी लाच घेतल्याचे येल विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाच्या माजी प्रशिक्षकाने न्यायालयात कबूल केले.

निवड झाली म्हणजे जागा टिकली असे नाही. शिष्यवृत्ती दीर्घकाळ वर्षागणिक नव्याने ठरे. अनेक वर्षांचा करार करण्याची मुभा २०१२ पासून मिळाली. गुडघ्याच्या एसीएल अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळते, आणि ती झाल्यास नऊ महिने ते वर्ष वाया जाते. निवडीच्या ऐन काळात ती झाली तर मुलगी प्रशिक्षकांच्या नजरेआडच होते. २०१८ पासून विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंद होते. शाळेतून येणाऱ्या मुलीऐवजी दुसऱ्या विद्यापीठात तयार झालेली वीस वर्षांची खेळाडू घेणे प्रशिक्षकांना सोपे झाले. परदेशी खेळाडूंची भरतीही वाढली आहे.

सर्वांत वरच्या थरातील मुलींना आता महाविद्यालय वगळण्याचा पर्याय आहे. लिंडसे होरान २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची शिष्यवृत्ती सोडून पॅरिसच्या क्लबकडे गेली तेव्हा तो अपवाद होता. २०१३ मध्ये सुरू झालेल्या एनडब्ल्यूएसएल या व्यावसायिक लीगमध्ये आज अठरा वर्षांखालील मुलींशी करार होतात, आणि महाविद्यालयातून खेळाडू वाटून घेण्याची ‘ड्राफ्ट’ पद्धत लीगने २०२४ मध्ये बंद केली. तरी किशोर गटाचा राष्ट्रीय संघ अजून क्लबांतूनच घडतो. २०२२ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भुवनेश्वरला भारताला ८-० ने हरवणारा आणि नवी मुंबईच्या उपान्त्यपूर्व सामन्यात नायजेरियाकडून पेनल्टींवर हरलेला अमेरिकी संघ मुख्यतः अशाच शाळकरी क्लब खेळाडूंचा होता.

वयोगटाच्या नियमाचाही निवडीवर परिणाम होतो. २०१६ च्या सुमारास क्लबांचे वयोगट जानेवारी ते डिसेंबर या जन्मवर्षाप्रमाणे ठरू लागले, तर शाळेची इयत्ता उन्हाळ्याच्या अखेरीस बदलते. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेली मुलगी आपल्या संघातील इतरांपेक्षा एक इयत्ता मागे असे. सोबतिणी शाळेच्या हंगामासाठी गेल्या की तिला संघच उरत नसे, आणि संघातील बहुतेक जणींची निवड एक वर्ष आधी होत असल्याने तिला बघायला प्रशिक्षक कमी येत. प्रमुख क्लब संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे शाळेशी जुळणारे वयोगट लावण्याचे ठरवले आहे.