खडकवासल्याची नदी, सांताक्रूझचा पाऊस

२६ जुलै २००५ रोजी वाकोल्याच्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले आणि माझ्या दोन पेट्यांतली जुनी पुस्तके भिजली. नंतर कळले, की सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला; कुलाब्यात जेमतेम ७४. एकाच शहराचे हे दोन आकडे. त्यांचा माग काढत मी खडकवासल्यापर्यंत पोचलो.

तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे मूळ अगदी साधे आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांसाठी एक विशेष शाखा काढली. हाताशी आहे तेवढ्याच पाण्यात शेतीची गरज कशी भागवायची, हा तिच्यापुढचा प्रश्न. १९३६ मध्ये ती केंद्र सरकारकडे गेली. तिला आकार देणारे क्लॉड इंग्लिस पुढे इंग्लंडच्या जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. साहेब इथल्या नद्यांकडून शिकून तिकडे शिकवायला गेला, हे आपण फारसे सांगत नाही.

नदीची प्रतिकृती करणे वाटते तितके सरळ नाही. पाच मीटर खोलीची नदी पाचशे पटींनी लहान केली, तर उरते एक सेंटिमीटर पाणी. ते नदीसारखे वाहतच नाही. तळाला चिकटून रेंगाळते. म्हणून रुंदी जास्त आणि खोली कमी पटींनी आखडतात. नदी दिसायला बेढब होते, तेव्हा कुठे खरी वागते.

मिठीसाठी मात्र या संस्थेने गणिती प्रतिकृती वापरली. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याखालून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ही सुमारे १८ किलोमीटरची नदी. आमचा वाकोला नाला तिलाच मिळतो. असल्या गणिताला तीन गोष्टी लागतात : पात्राचे जागोजागचे छेद, वरून येणारे पाणी आणि मुखाशी भरतीची पातळी. त्या दुपारी तर भरतीच होती. पात्र रुंद आणि खोल करा, हे उत्तर त्यातून निघाले.

मला यातली दुसरी गोष्ट सतावते. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ती क्षमता दुप्पट करण्याची सूचना १९९३ च्या अहवालात होतीच. आणि प्रतिकृती कितीही नेटकी असो, तिच्यात सांताक्रूझऐवजी कुलाब्याचा आकडा भरला असता, तर कागदावरची मिठी त्या दिवशी काठातच राहिली असती. त्या पुरानंतर महापालिकेने शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली.